नेट स्लो आहे की वाय-फाय? प्लॅन वाढवण्याआधी घरातल्या घरात काढा हे तीन आकडे

धाकट्या भावाची ऑनलाइन मुलाखत होती. पुण्यातली कंपनी, पहिलीच नोकरी, सकाळी साडेअकराची वेळ. साताऱ्याच्या आमच्या घरात शांत जागा एकच, ती म्हणजे सगळ्यात मागची खोली. तिथं तो इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला. पहिल्या दहा मिनिटांत चित्र दोनदा गोठलं. तिसऱ्यांदा कॉलच तुटला. तो पुन्हा जोडला जाईपर्यंत समोरच्यांनी पुढच्या उमेदवाराला आत घेतलं होतं.

त्याच संध्याकाळी बाबांनी नेटवाल्याला फोन केला. "काका, तुमचा प्लॅन पन्नासचाच आहे. दोनशेचा घ्या, एकदम पळेल," असं उत्तर मिळालं. बाबांनी सहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरले, वर १८ टक्के जीएसटी. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत यूट्यूब लावून पाहिलं, तर तेच गोल गोल फिरणारं चक्र.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मला हा सगळा प्रकार कळला. फोनवर स्पीड टेस्ट लावली. राउटरशेजारी ९३ एमबीपीएस. मागच्या खोलीत ४. पैसे भरलेत २०० चे.

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची चार वर्षं, त्यात एक अख्खा पेपर अँटेनाचा. आणि घरातला राउटर दोन वर्षं दरवाजाजवळ, चपलांच्या लोखंडी स्टँडमध्ये खालच्या कप्प्यात बसलाय, हे मला कधी खटकलं नव्हतं.

हे आमच्या एकट्याच्या घरचं दुखणं नाही. ऑफिसातही कोणी ना कोणी विचारतंच, 'तुझ्याकडे कुठलं नेट आहे गं? आमचं फार स्लो झालंय.' पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'कंपनी बदलू का?' कंपनी बदलण्याआधी आणि प्लॅन वाढवण्याआधी काय तपासायचं, ते आमच्या घरच्या अनुभवासह पाहू.

नेट वेगळं, वाय-फाय वेगळं

गोंधळाचं मूळ इथं आहे. आपण दोन्हींना एकच नाव देतो. 'वाय-फाय गेलंय' असं आपण म्हणतो, तेव्हा कधी रस्त्यावरची फायबर तुटलेली असते, तर कधी घरातला सिग्नल भिंतीत अडकलेला असतो.

पाण्याचं उदाहरण घ्या. नगरपालिकेची पाइपलाइन घरापर्यंत येते. तिथून टाकीत आणि टाकीतून नळाला पाणी येतं. मागच्या मोरीतला नळ बारीक चालतो म्हणून कोणी नगरपालिकेकडे मोठी जोडणी मागायला जात नाही. आधी घरातली पाइप तपासतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण थेट मोठी जोडणी घेतो.

घराबाहेरून येते ती लाइन. आता बहुतेक ठिकाणी ती फायबरची असते. ती एका छोट्या पांढऱ्या डबीत शिरते. आपण तिला मोडेम म्हणतो, तंत्रज्ञ ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. या डबीचं काम काचेच्या तारेतून आलेला प्रकाश विजेच्या संकेतांत बदलणं. तिच्यापुढे राउटर. एकाच लाइनवर घरातले सगळे फोन, टीव्ही, लॅपटॉप चालवणं आणि हवेतून सिग्नल सोडणं हे त्याचं काम. काही घरांत दोन्ही एकाच खोक्यात असतात. प्लॅनचा आकडा फक्त या खोक्यापर्यंतचा असतो. खोक्यापासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत जे घडतं त्याच्याशी प्लॅनचा काही संबंध नाही.

जाता जाता आणखी एक गैरसमज. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १०० एमबीची फाइल एका सेकंदात उतरत नाही. प्लॅनमधला एमबी मेगाबिट असतो आणि फाइलचा एमबी मेगाबाइट. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १०० च्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतील. इथं कोणी फसवत नाही, हिशेबच तसा आहे.

दहा मिनिटांत तीन आकडे

आता तपासणी. घरातल्या इतरांना दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. हा सगळ्यात अवघड टप्पा. टीव्हीवर काही चालू असेल तर बंद करा.

पहिला आकडा वायरवरचा. लॅपटॉपला लॅन पोर्ट असेल तर राउटरच्या मागच्या लॅन पोर्टमधून वायर जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि फास्ट डॉट कॉम किंवा ऊकलाच्या स्पीडटेस्टवर चाचणी घ्या. हा आकडा कंपनी तुम्हाला काय देतेय ते सांगतो. लॅपटॉप नसेल तर हा टप्पा सोडा.

दुसरा आकडा राउटरपासून पाच-सहा फुटांवर, फोनवर, ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडून. नावाच्या शेवटी बहुतेक वेळा '५जी' लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. हे फक्त रेडिओलहरींच्या पट्ट्याचं नाव आहे.

तिसरा आकडा जिथं त्रास होतो तिथला. बेडरूम, गच्ची, मागची खोली. फोन तोच, चाचणी तीच.

तिन्ही आकडे कागदावर लिहा. पहिलाच आकडा प्लॅनपेक्षा बराच कमी असेल तर दोष लाइनचा, राउटरचा किंवा वायरचा. पहिला ठीक आणि दुसरा कमी असेल तर राउटर किंवा फोन जुना आहे, नाहीतर आसपास सिग्नलची गर्दी आहे. पहिले दोन चांगले आणि तिसराच पडला असेल तर दोष तुमच्या भिंतींचा. तिथं ५०० चा प्लॅन घेतला तरी मागच्या खोलीत तेच चक्र फिरणार.

चाचणी दिवसातून दोनदा घ्या, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमाराला. वायरवरचा आकडा सकाळी छान आणि रात्री रोज पडत असेल, तर तुमच्या भागातल्या लाइनवर ग्राहकांची गर्दी आहे. ती घरात बसून सुटत नाही. आणि महिन्याच्या शेवटी वेग अचानक तळाला जाऊन नवं बिल सुरू होताच सुधारत असेल, तर तुमच्या 'अनलिमिटेड' प्लॅनची ठरलेली डेटा मर्यादा संपतेय. बिलाच्या मागच्या बारीक अक्षरात ती लिहिलेली असते.

आमच्या घरात ४ च का?

घर आजोबांनी बांधलेलं. भिंती दीड फुटी, दगड-विटांच्या. पुढच्या दारातून मागच्या खोलीपर्यंत अशा तीन भिंती. फायबर रस्त्यावरच्या खांबावरून आली, दारातून आत शिरली आणि जिथं वायर संपली तिथं त्या मुलाने राउटर ठेवला. त्याला त्या दिवशी आणखी तीन घरं करायची होती. आम्हीही सोफ्याजवळ नसता पसारा नको म्हणून चपलांच्या स्टँडवर समाधानी होतो.

रेडिओलहरी भिंतीतून जाताना कमजोर होतात. वीट जरा कमी खाते, जाड दगडी भिंत जास्त, सळ्यांचा काँक्रीट स्लॅब आणखी जास्त. लोखंडी कपाट, पत्र्याचं शटर, मोठा आरसा यांवरून लहरी परततात. माशांची टाकी किंवा पाण्याची टाकी त्या पिऊन टाकते. शिवाय राउटर जमिनीला टेकून असेल तर त्याचा बराचसा सिग्नल फरशीत आणि चपलांत जातो.

इथं दोन पट्ट्यांमधला फरक समजून घ्यायला हवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांबवर आणि भिंतीपार जास्त जातात, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण एक-दोन भिंतींतच दम संपतो. म्हणून राउटरच्या खोलीत ५ ला जोडा, लांबच्या खोलीत २.४ ला. फोन आपोआप योग्य तेच निवडेल यावर फार विश्वास ठेवू नका. मागच्या खोलीत गेल्यावरही तो पुढच्या खोलीतल्या ५ ला चिकटून बसतो. वाय-फाय एकदा बंद करून चालू केलं की सुटतो.

सिग्नलच्या कांड्यांपेक्षा नेमका आकडा हवा असेल तर अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनलायझर प्रकारची मोफत अ‍ॅप आहेत. त्यात सिग्नल उण्या आकड्यात दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० म्हणजे फोन 'कनेक्टेड' दाखवेल, पण काही उघडणार नाही. आमच्या मागच्या खोलीत उणे ८३ होता.

आधी फुकटचा उपाय केला. ओएनटी होती तिथंच ठेवली, कारण फायबर ओढाताण करण्याची वस्तू नाही. आत केसासारखी काच असते. ती दुमडली की सिग्नल जातो, तुटली की इन्शुलेशन टेप लावून जमत नाही, यंत्रावर जोडावी लागते. तिचं टोक उघडं असेल तर डोळ्यासमोर धरून पाहू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. ओएनटीपासून राउटरपर्यंतची लॅनची वायर मात्र साधी असते. पाच मीटरची वायर आणून राउटर मधल्या खोलीत, शोकेसच्या वर उंचावर ठेवला. मागच्या खोलीत ४ चे १७ झाले. एवढं झालं तरी व्हिडिओ कॉल सुखाने चालतो. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, फक्त ते सलग मिळायला हवेत. भावाच्या मुलाखतीला २०० कधीच लागणार नव्हते.

रिपीटर, मेश की सरळ वायर?

१७ वर थांबता आलं असतं. पण बाबा म्हणाले, "अगं, आता हात घातलाच आहेस तर पूर्ण कर."

दुकानात गेलं की आधी रिपीटर दाखवतात. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायची डबी. स्वस्त आहे, पण लोक ती नेमकी जिथं सिग्नल नाही तिथं लावतात. जे पोचतच नाही ते ती पुढे काय पाठवणार? रिपीटर राउटर आणि अडचणीची खोली यांच्या मध्ये, सिग्नल अजून बरा आहे अशा ठिकाणी लावायचा असतो. एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर ऐकायला आणि बोलायला तीच हवा वापरतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो.

मेश हा त्याचा सुधारित प्रकार. दोन-तीन डब्या एकमेकींशी बोलतात आणि घरभर एकच नाव चालतं. तीन-चार खोल्यांच्या फ्लॅटसाठी, दुमजली घरासाठी उत्तम, पण खर्चिक. आणि आमच्यासारख्या दगडी भिंती असतील तर मेशच्या डब्यांनाही एकमेकींचा आवाज ऐकू येईलच असं नाही.

माझं मत विचाराल तर, शक्य असेल तिथं वायर टाका. दिसायला जुनाट उपाय, पण तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत वेग न गमावता चालते. कॅट-सिक्स प्रकारची वीस मीटर वायर आम्हाला पाचशे रुपयांच्या आत पडली. आईची अट एकच होती, देवघराच्या भिंतीला भोक पडता कामा नये. म्हणून वायर खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढून परसातून मागे नेली. क्लिपा ठोकायचं काम बाबांनी केलं.

मागच्या टोकाला माझ्या हॉस्टेलच्या दिवसांतला, माळ्यावर पडलेला राउटर लावला. जुना राउटर असा दुसरं केंद्र म्हणून वापरता येतो. इथं बहुतेक जण फसतात, म्हणून क्रम नीट सांगते. वायर लावण्याआधी फोन किंवा लॅपटॉप त्या जुन्या राउटरला जोडा. त्याच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाका. आत 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर तीन गोष्टी करा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच ठेवा. त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. आणि शेवटी डीएचसीपी बंद करा. घरातल्या प्रत्येक उपकरणाला क्रमांक वाटून देणारी ही व्यवस्था. एका घरात दोन वाटप अधिकारी झाले की कोणाला कोणता क्रमांक मिळाला याचा घोळ होतो आणि नेट आल्यासारखं दिसून चालत नाही. मग वायर लॅनच्या पोर्टमध्ये लावा, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये नको.

मागच्या खोलीत आता ४२ येतं. तो राउटर फक्त २.४ वाला आहे, त्याच्याकडून आणखी अपेक्षा नाही.

आणि राउटरशेजारी २०० ऐवजी ९३?

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुमचा प्लॅन १०० च्या वरचा असेल आणि चाचणी कितीही वेळा घेतली तरी ९० ते ९५ च्या आसपासच अडकत असेल, तर लाइनला दोष देऊ नका. स्वस्त किंवा जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. त्यातून प्रत्यक्ष ९३-९४ मिळतात. दोनशेची लाइन घ्या नाहीतर पाचशेची, त्या दरवाजातून तेवढंच येतं. राउटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'गिगाबिट' पोर्ट लिहिलेलं आहे का ते पाहा.

राउटर गिगाबिटचा असूनही आकडा तिथंच अडकला तर वायर तपासा. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. १०० साठी चारच पुरतात, त्याहून जास्त वेगाला आठही लागतात. एखादी तार तुटली, किंवा जोडणाऱ्याने घाईत चारच बसवल्या, तर राउटर मुकाट्याने १०० वर उतरतो. कोणतीही सूचना येत नाही, दिवाही हिरवाच असतो. नवी वायर लावून पाहणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी.

म्हणजे आमच्या घरी बाबांनी २०० चे पैसे भरले, जुन्या राउटरच्या पोर्टने त्यातले १०० दारातच अडवले आणि उरलेले तीन भिंतींनी खाल्ले. नेटवाल्याच्या मुलाला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते मला ठरवता आलं नाही. प्लॅन विकताना 'काका, राउटर कुठला आहे?' एवढं त्याने विचारायला हवं होतं, असं मला वाटतं.

ठाण्यात दुखणं वेगळं

मी राहते तो ठाण्याचा फ्लॅट छोटा. राउटरपासून पलंग बारा फुटांवर. इथं भिंतीची अडचण नाही, शेजाऱ्यांची आहे. अ‍ॅप उघडलं की ३० च्या वर नेटवर्कं दिसतात. त्यातलं एक 'पोलीस व्हॅन क्रमांक ३' आहे, एक 'पासवर्ड मागू नये'.

२००५ मध्ये भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. म्हणूनच आपण विनापरवाना घरात राउटर लावू शकतो. पण तिथं सगळेच आले. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, वायरलेस माउस. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. माझी रूममेट डबा गरम करायला लावते आणि माझी मीटिंग तुटते. आधी आम्ही हा योगायोग समजत होतो.

या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना धक्का न लावणारे तीनच, १, ६ आणि ११. चॅनेल ३ रिकामं दिसतं म्हणून तिथं जाऊ नका. तिथं १ आणि ६ या दोन्ही बाजूंचा गोंगाट ऐकू येतो. तिघांतलं सगळ्यात कमी गर्दीचं निवडा. सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी ४० असेल तर २० करा. आकडा कमी दिसतो, पण गर्दीत अरुंद गाडीच सुटते.

शहरातल्या छोट्या घराला खरा उपाय मात्र ५ गिगाहर्ट्झ. तिथं जागा भरपूर आहे, ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ती आणखी वाढवून दिली. शिवाय भिंतींत दम संपणं हा त्याचा दोष इथं गुण ठरतो, कारण शेजाऱ्याचा सिग्नलही तुमच्याकडे येत नाही. स्मार्ट बल्ब, प्लग, काही प्रिंटर आणि कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात, म्हणून तो पट्टा बंद करून टाकू नका. नवा बल्ब जोडला जात नसेल तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, फोन ५ वर आणि बल्ब २.४ वर. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा आणि मग बल्ब जोडा.

मुलाखत, परीक्षा, डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल असं काही असेल तेव्हा घरातल्या फोनचे फोटो बॅकअप तेवढ्यापुरते थांबवा. लग्नाचे चारशे फोटो वर जात असतील तर तुमचा चेहरा वर जायला जागा उरत नाही.

रीस्टार्ट करा, रीसेट नको

काहीच चालत नसेल तर आधी ओएनटीचे दिवे पाहा. 'पॉन' स्थिर हिरवा असेल तर लाइन आलेली आहे. 'एलओएस' लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. फायबर कुठंतरी तुटली, दुमडली किंवा उंदराने कुरतडली. कपाट सरकवताना ती मागे दबली आहे का ते पाहा आणि सरळ कंपनीला फोन करा. लाल दिवा असताना राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही.

दिवे ठीक असतील तर ओएनटी आणि राउटर दोन्ही स्विचवरून बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी ओएनटी चालू करा, तिचे दिवे स्थिर झाले की राउटर.

पण मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. तो रीसेट आहे. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. अनेक ठिकाणी, विशेषतः स्थानिक केबलवाल्यांच्या जोडणीत, राउटरमध्ये पीपीपीओई नावाचा लॉगिन आयडी आणि पासवर्ड भरलेला असतो. तो पुसला गेला की चांगली चालणारी लाइनही बंद पडते, आणि रविवार असेल तर सोमवारपर्यंत बसा. हा आयडी आजच नेटवाल्याकडून मागून घ्या आणि लाइट बिलाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

'कनेक्टेड, नो इंटरनेट' एकाच फोनवर येत असेल तर त्या फोनमध्ये ते नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा पासवर्ड टाका. सगळ्या फोनवर येत असेल आणि व्हॉट्सअ‍ॅप चालून वेबसाइट उघडत नसतील, तर डीएनएसचा घोळ असू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहा. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, दोन्ही मोफत.

गावाकडे नेट जाण्याचं सगळ्यात साधं कारण लाइट जाणं. ओएनटी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हवेत. एकटा राउटर ठेवून भागत नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत.

पासवर्ड कशाला, सगळे ओळखीचेच तर आहेत

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट मालिका झाली. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. तपास जाऊन पोचला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सोसायटीत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या घरी. ईमेल त्याच्या वाय-फायवरून गेला होता. त्याने पाठवला नव्हता. नेटवर्क उघडं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. तिन्ही ठिकाणी पोलीस आधी पोचले ते जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे.

म्हणून वाय-फाय सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. 'वेप' दिसलं तर लगेच बदला, ते केव्हाच फुटलं आहे. डब्ल्यूपीएसचं बटण सेटिंगमधून बंद करा. पासवर्ड मोबाइल नंबर नको, तो अख्ख्या गल्लीला पाठ असतो. आणि स्टिकरवरचा 'अ‍ॅडमिन' हा राउटरचा स्वतःचा पासवर्डही बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बहुतेकांनी तो कधीच बदललेला नसतो. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. दिवाळीत मामेभावंडं आली की हा पर्याय फार कामाला येतो.

दोष लाइनचाच निघाला तर

वायरवरचे आकडे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट करून ठेवा. नेटवाल्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅप करणं म्हणजे तक्रार नोंदवणं नव्हे. बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. प्रश्न सुटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिथं थेट लिहून वाट पाहत बसू नका. पैसे घेऊन सेवाच दिली नाही असं प्रकरण असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आमच्याकडे लाइनचा दोष नव्हताच, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. सहा महिन्यांचे भरलेले पैसे परत मिळणार नाहीत असं कळलं. मुदत संपली की पुन्हा ५० वर यायचं ठरलंय. भावाने जानेवारीत दुसऱ्या कंपनीची मुलाखत त्याच मागच्या खोलीतून दिली. पाऊण तास चालली, एकदाही तुटली नाही. निकाल अजून यायचाय. बाबा मात्र रोज सकाळी मागच्या खोलीत जाऊन स्पीड टेस्ट घेतात आणि मला 'सुप्रभात' लिहून स्क्रीनशॉट पाठवतात. आज ४४ आलंय.